झडपेविना उघडझाप

कामाच्या टेबलावर बिडाची एक जड प्लेट आडवी ठेवलेली. धुऊन-पुसून कोरडी केलेली. तिच्यात एका बाजूला वेडंवाकडं, वरच्या अंगाला निमुळतं होत गेलेलं एक भोक. भोकाभोवती मार्किंगचा निळा रंग फासलेला आणि त्या निळ्यात पोलादी सुईनं ओढलेली एक बारीक रेघ. भोकाची कड आणि ती रेघ यांच्यात कुठे दोन मिलिमीटर अंतर, कुठे चार-पाच. मधलं बीड काढायचं, रेघ शाबूत ठेवायची. म्हटलं तर सगळं काम एवढंच.

ही प्लेट माझदा आरएक्स-७ या मोटारीच्या रोटरी इंजिनातली. त्या भोकाला पोर्ट म्हणतात. इंजिनाला लागणारी हवा तिथून आत येते. पोर्ट मोठा आणि सुबक करून घेण्याच्या उद्योगाला जगभरातले रोटरीवेडे ‘पोर्टिंग’ म्हणतात आणि त्यातले बरेचजण तो घरी, गाडी लावायच्या जागेत, हातात डाय ग्राइंडर धरून करतात.

हे गॅरेज ऑकलंडच्या दक्षिण भागातलं. मालक कोल्हापूरचा, इंजिनिअरिंगला माझ्या वर्गात होता. आता दुधाच्या कारखान्यांची यंत्रं बसवणाऱ्या कंपनीत नोकरी करतो आणि शनिवार-रविवार बिडात घालवतो. नाव छापायचं नाही या अटीवर त्यानं मला हे सगळं बघू दिलं, कारण त्याची एक गाडी अजून तिथल्या फेरफार-तपासणीच्या कागदपत्रांत अडकली आहे. मी प्लेटवरून हात फिरवायला गेलो, तेवढ्यात त्यानं मनगट धरलं.

“अंगठी काढ की लगा आधी. एक ओरखडा पडला तर गेली प्लेट.”

प्लेटचा पृष्ठभाग नायट्रायडिंग करून कडक केलेला असतो, पण तो थर अगदी पातळ. त्यावरूनच रोटरची सीलं मिनिटाला हजारो वेळा घासत जातात. तिथला ओरखडा म्हणजे कंप्रेशन निसटायला वाट.

न्यूझीलंडमध्येच हे वेड का फोफावलं याचं कारण साधं आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्या देशानं वापरलेल्या जपानी गाड्यांच्या आयातीवरचे निर्बंध सैल केले आणि बंदरांवर जपानी मोटारींची रीघ लागली. दोन्हीकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे तीही अडचण नाही. जपानमध्ये ज्या गाडीला जुनी म्हणून गिऱ्हाईक नव्हतं ती इथल्या पोरांना परवडू लागली. ऑस्ट्रेलियात आणि प्वेर्तो रिकोत रोटरीचा असाच मोठा गोतावळा आहे. आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाचा टेम्पो नाहीतर शाळेची बस डोळ्यांपुढे येते. रोटरीची गाडी कंपनीनं भारतात कधी विकली नाही.

*

नेहमीच्या मोटारीत पिस्टन वरखाली होतो आणि त्याच्या डोक्यावर झडपा असतात. झडप कधी उघडायची, किती उघडायची, कधी मिटायची हे कॅमशाफ्टवरचे उंचवटे ठरवतात. टायमिंग बदलायचं तर कॅम बदलावा लागतो, आणि कॅम काही घरी घडवता येत नाही.

रोटरीत पिस्टन नाही, झडप नाही, कॅमही नाही. भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारखा, मध्ये किंचित दबलेला एक पोकळ कप्पा असतो. त्यात फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर फिरतो आणि फिरताना त्याची तिन्ही टोकं भिंतीला लागून राहतात. त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन पोकळ्या तयार होतात. रोटर फिरेल तशी प्रत्येक पोकळी मोठी होते, लहान होते, पुन्हा मोठी होते. हवा ओढणं, दाबणं, पेटणं, बाहेर टाकणं हे चारही टप्पे त्यातच उरकतात. रोटरची एक फेरी होते तेव्हा शाफ्टच्या तीन होतात. म्हणजे दर रोटरमागे शाफ्टच्या प्रत्येक फेरीला एक दणका. फोर-स्ट्रोक पिस्टनला तोच दणका द्यायला दोन फेऱ्या लागतात.

माझदाच्या ‘१३बी’ इंजिनात असे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ घनसेंटिमीटरचे. कागदोपत्री इंजिन १,३०८ सीसीचं, पण तेवढ्याच फेऱ्यांत ते हवा गिळतं दुप्पट आकाराच्या पिस्टन इंजिनाएवढी. एवढी हवा येते ती बाजूच्या प्लेटांमधल्या भोकांतून. रोटर सरकला की भोक उघडं पडतं, आणखी सरकला की झाकलं जातं. झडपेचं काम रोटरची कूसच करते. म्हणून या इंजिनात भोकाचा आकार हेच टायमिंग. कड दोन मिलिमीटर बाहेर सरकवली की पोर्ट लवकर उघडतो. वरची कड उचलली की उशिरा मिटतो.

ज्यांनी आरएक्स-१०० किंवा राजदूत ३५० या टू-स्ट्रोक मोटारसायकली खोलल्या आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. टू-स्ट्रोकमध्येही एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर पोर्ट पिस्टनच उघडतो आणि झाकतो. माझ्या या मित्राचा हात तिथंच बसला. कॉलेजात असताना उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याच्या मागे लागून त्यानं आरएक्स-१०० च्या एक्झॉस्ट पोर्टचं तोंड वर उचलून घेतलं होतं. गाडी वरच्या स्पीडला सुसाट पळायची आणि बिंदू चौकातल्या गर्दीत बंद पडायची. पोर्टिंगचा सगळा हिशोब त्या एका गाडीत होता: वर कमवायचं ते खालचं घालवून.

*

भोक कुठं पाडायचं हा प्रश्न या इंजिनाच्या जन्मापासूनचा आहे.

फेलिक्स वँकेल या जर्मन माणसानं इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलं नव्हतं. नजर अधू, म्हणून त्याच्याकडे गाडी चालवायचा परवानाही कधी नव्हता. नाझींशी त्याचे लागेबांधे होते आणि युद्धानंतर फ्रेंचांनी त्याला काही काळ तुरुंगात ठेवलं. या इंजिनाचं कौतुक करताना हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एनएसयू कंपनीसाठी त्यानं घडवलेलं पहिलं इंजिन १ फेब्रुवारी १९५७ रोजी चाललं. त्यात रोटरबरोबर बाहेरचा कप्पाही फिरायचा आणि स्पार्क प्लग बदलायचा तरी इंजिन खोलावं लागायचं. कंपनीतल्या हान्स डीटर पाश्के यानं बाहेरचा कप्पा स्थिर ठेवून नवी रचना केली. १९५८ मध्ये ती चालली. वँकेलला ती मुळीच आवडली नाही. पण आज जी काही रोटरी इंजिनं आहेत ती सगळी पाश्केच्या वाटेनं आलेली.

एनएसयूनं हवेचं भोक कप्प्याच्या घेरावर, म्हणजे जिथं रोटरची टोकं घासतात त्या भिंतीतच पाडलं. याला पेरिफेरल पोर्ट म्हणतात. हवा सरळ, न वळता आत घुसते आणि जास्त फेऱ्यांना इंजिन जोरात ओढतं. तोटा असा की धूर बाहेर जायचं भोकही त्याच भिंतीत. बराच वेळ दोन्ही एकदम उघडी राहतात, ताज्या हवेत जळका वायू मिसळतो आणि कमी फेऱ्यांवर गाडी धक्के खाते. एनएसयूची १९६७ ची ‘आरओ ८०’ ही देखणी, काळाच्या पुढची गाडी पुढच्याच वर्षी युरोपात ‘कार ऑफ द इयर’ ठरली. मात्र तिच्या टोकांवरची सीलं लवकर झिजत. वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी खचली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या छत्राखाली ऑटो युनियनमध्ये विलीन झाली.

हिरोशिमाची टोयो कोग्यो, म्हणजे आजची माझदा, हिनं १९६१ मध्ये एनएसयूशी करार केला होता. जपान सरकारला त्या काळात लहान मोटार कंपन्या मोठ्यांत विलीन व्हायला हव्या होत्या. आपलं वेगळेपण दाखवलं नाही तर आपण संपलो, हे कंपनीचे प्रमुख त्सुनेजी मात्सुदा ओळखून होते. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअर रोटरीला जुंपले गेले. त्यांना पहिल्यांदा जे दिसलं ते कप्प्याच्या भिंतीवर ओळीनं उमटलेले ओरखडे. ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ असं त्यांनीच त्यांना नाव दिलं. टोकावरचं सील, म्हणजे एपेक्स सील, भिंतीवरून सरळ न घसरता थरथरत होतं. सीलची कंपनसंख्या बदलण्यासाठी त्यात आडवी-उभी पोकळी काढून पाहिली, ओरखडे थांबले. शेवटी कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाचं सील निघालं आणि मे १९६७ मध्ये ‘कॉस्मो स्पोर्ट’ बाजारात आली. पुढे यामामोतो कंपनीचे अध्यक्ष झाले.

सीलची ही गोष्ट रोटरीवरच्या प्रत्येक लेखात असते. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्याच काळात झालेला दुसरा निर्णय: हवेचं भोक घेरावरून काढून बाजूच्या प्लेटमध्ये न्यायचं. हवेला वळण घ्यावं लागतं, थोडी ताकद जाते. पण पोर्ट उशिरा उघडत असल्यामुळे जळका वायू जवळजवळ मिसळत नाही आणि गाडी सिग्नलला शांत उभी राहते. माणसांनी रोज ऑफिसला न्यायची गाडी बनवायची होती, त्या दृष्टीनं हे शहाणपण होतं. आज गॅरेजागॅरेजात डाय ग्राइंडर चालतात ते या शहाणपणाशी भांडण्यासाठी.

*

तर घरी हे काम कसं चालतं?

आधी इंजिन उतरवायचं आणि खोलायचं. रोटरी इंजिन म्हणजे एकावर एक रचलेले पाच थर: प्लेट, कप्पा, मधली प्लेट, कप्पा, प्लेट. आरपार गेलेल्या लांब बोल्टांनी ते आवळलेले असतात. पिस्टन इंजिनाच्या मानानं सुटे भाग थोडे, आणि म्हणूनच घरगुती माणसाची हिंमत होते. अडतं ते फ्लायव्हीलच्या नटाशी. तो ५४ मिलिमीटरचा असतो आणि इतका घट्ट की साध्या पान्याला दाद देत नाही. मित्रानं त्यासाठी दीड मीटर लांबीचा पाइप ठेवला आहे. नट सुटला तेव्हा शेजारच्या घराची खिडकी उघडली.

या इंजिनात पोर्ट मधल्या प्लेटमध्ये दोन आणि कडेच्या प्लेटांत एकेक. कॅलिफोर्नियातली रेसिंग बीट ही जुनी कंपनी त्यांच्या आकाराची टेम्प्लेट विकते. बरेचजण तीच प्लेटवर ठेवून रेघ मारतात. मित्र स्वतःची कापतो, पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून. एकाच पत्र्याची उलट-सुलट बाजू वापरून पुढची आणि मागची प्लेट आखली की दोन्ही पोर्ट सारखे होतात. दोन रोटरांना हवा कमी-जास्त गेली तर सगळं मुसळ केरात.

रेघ मारताना तीन हद्दी पाळाव्या लागतात. आतल्या अंगाला, शाफ्टकडे, रोटरच्या कुशीतली तेल अडवणारी रिंग फिरते. तिच्या वाटेत पोर्ट शिरला तर तेल थेट हवेच्या वाटेत येणार आणि मागून निळा धूर. बाहेरच्या अंगाला हद्द आहे कॉर्नर सीलची. रोटरच्या प्रत्येक टोकाला, दोन्ही बाजूंना, बुचासारखं एक छोटं गोल सील असतं. एपेक्स सील आणि बाजूची सीलं तिथं एकमेकांना भेटतात. हे बूच सतत प्लेटवर टेकलेलं असायला हवं. पोर्टची कड त्याच्या खालून गेली की ते आत कलतं आणि कडेला आदळून तुटतं. तिसरी हद्द वरच्या कडेची, जिथं पोर्ट मिटतो. रोटरच्या कुशीतली लांब बारीक पट्टी, म्हणजे साइड सील, पोर्टवरून जाताना अधांतरी असते. पोर्ट फार लांब झाला तर ती किंचित आत वाकते आणि पुन्हा प्लेटवर चढताना वरच्या कडेला अडते. म्हणून ती कड नुसती कापून भागत नाही. तिला हलका उतार द्यायचा, तोही हातानं, बारीक कागद घेऊन, बोटाला कड लागेनाशी होईपर्यंत. पहिल्या दोन हद्दी टेम्प्लेटमुळे पाळल्या जातात. ही तिसरी कुठल्याही टेम्प्लेटमध्ये मावत नाही, आणि घरी केलेल्या कामाचा कस इथंच लागतो असं माझं मत झालं.

मग डाय ग्राइंडर. हवेवर चालणारा हलका आणि हाताला बरा, पण तो इतकी हवा खातो की घरगुती कंप्रेसरला धाप लागते. मित्र विजेवरचा वापरतो, मिनिटाला पंचवीसेक हजार फेऱ्यांचा, त्यावर लांब दांड्याचा कार्बाइड बर. प्लेटच्या पृष्ठभागावर जाड टेपचे तीन-चार थर, वर पत्र्याचा तुकडा. कारण बर बिडात नीट पकड घेण्याआधी उडी मारतो, आणि त्यानं मारलेली उडी प्लेटच्या तोंडावरून गेली की सगळं संपलं. बर नेहमी आतून बाहेर रेघेकडे न्यायचा. वरचा कडक थर सुरुवातीला दाद देत नाही, खालचं बीड मऊ लागतं. तो फरक हाताला कळतो. पहिल्या दहा मिनिटांतच टेबलावर, कपड्यांवर, नाकात काळी भुकटी. पोलादासारखे गुंडाळीदार तुकडे बीड देत नाही, त्याचं पीठच होतं. मास्क काढला तेव्हा मित्राच्या चेहऱ्यावर नाक आणि तोंड एवढंच गोरं उरलं होतं.

रेघेपर्यंत पोचलं की काम संपलं असं नवख्याला वाटतं. खरं तर निम्मं उरलेलं असतं. पोर्टचं तोंड मोठं झालं, पण त्यामागची वाट ओतकामातून निघाली तशीच: खडबडीत, मध्येच साच्याच्या जोडाची धार, वळणाच्या आतल्या अंगाला टोकदार खांदा. हवा त्या खांद्यावरून वळायला कुरकुरते. खांदा गोल करायचा, जोडाची धार घालवायची, मॅनिफोल्डचं तोंड गॅस्केट लावून जुळवून घ्यायचं. आणि हे सगळं करताना लक्षात ठेवायचं की भिंतीपलीकडे पाणी आहे. इंजिन थंड ठेवणारं पाणी याच प्लेटमधून, पोर्टच्या वाटेला लागून वाहतं.

गॅरेजच्या भिंतीवर एका खिळ्याला एक प्लेट टांगली आहे. तिच्या पोर्टच्या वाटेत, वळणाच्या जरा पुढं, मसुराएवढं छिद्र.

“आत बोट घाल. लागलं का? पलीकडं पाण्याची वाट,” मित्र म्हणाला. “लोखंड खरवडलं की गेलं बघ. परत चिकटवता येत न्हाई.”

त्या छिद्रानंतर त्यानं भंगारातून एक निकामी प्लेट आणली आणि करवतीनं आडवी-उभी कापली. कुठे भिंत जाड, कुठे नाजूक, हे आता त्याला पाठ आहे. तरी ओतकामात गाभा इकडे-तिकडे सरकलेला असतो, म्हणून प्रत्येक प्लेटला त्यानं ठरवलेली मर्यादा कापून पाहिलेल्या प्लेटपेक्षा अलीकडची असते.

गुळगुळीतपणाबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. पोर्ट चकाचक पॉलिश केला की हवा वेगानं जाईल, असं नवख्याला वाटतं; फोटोत तसा छानही दिसतो. पण पेट्रोलचे थेंब चकचकीत भिंतीवर ओघळतात, किंचित खरखरीत भिंतीवरून उचलले जातात. म्हणून हवेच्या वाटेला ८० नंबरच्या कागदाचा हात पुरतो. चकाकी हवीच असेल तर ती एक्झॉस्टला द्यावी. तिथं काजळी धरत नाही एवढा तरी फायदा.

शेवटी धुणं. तेलाच्या बारीक वाटांत बिडाचा एक कण राहिला तर तो थेट बेअरिंगमध्ये जाणार. गरम पाणी, साबण, ब्रश, वाऱ्याचा फवारा आणि लगेच तेलाचा हात, कारण उघडं बीड पुसेपर्यंत गंजायला लागतं. चहा घेऊन आलेल्या वहिनींनी तेवढ्यात तक्रार मांडली. “भाऊजी, यांना विचारा, मागच्या थंडीत न्हाणीघरातल्या टबात काय धुतलं होतं?” मित्रानं चहाचा कप उचलला आणि उत्तर दिलं नाही.

*

आतापर्यंत सांगितलं ते ‘स्ट्रीट पोर्ट’, म्हणजे रस्त्यावर चालेल असं काम. याच्या पुढं ‘ब्रिज पोर्ट’ येतो. त्यात मूळ पोर्टच्या बाहेर, थेट कप्प्याच्या भिंतीलगत, भुवईच्या आकाराची आणखी एक फट कापतात आणि दोन्हींमध्ये बिडाची एक अरुंद पट्टी ठेवतात. कॉर्नर सीलला टेकायला तेवढाच आधार, त्यावरूनच पूल हे नाव. पोर्ट खूप लवकर उघडतो, धुराच्या वाटेशी गाठ पडते आणि गाडी उभी असताना इंजिन ‘ब्रॅप-ब्रॅप-ब्रॅप’ असं अडखळत बोलू लागतं. कित्येकांना हवा असतो तो हा आवाजच. ताकद वरच्या फेऱ्यांत येते. शहरात क्लच जळतो, पेट्रोल पाण्यासारखं जातं, पट्टीला तडा गेला तर तुकडा आत.

आणि त्याच्याही पुढं पेरिफेरल. बाजूचे पोर्ट बुजवायचे आणि कप्प्याच्या भिंतीला भोक पाडून नळी बसवायची, म्हणजे एनएसयूनं सुरुवात केली तिथं परत. शर्यतीत याला तोड नाही. जून १९९१ मध्ये माझदाच्या ७८७बी या चार रोटरच्या गाडीनं ल मान्सची २४ तासांची शर्यत ३६२ फेऱ्या मारून जिंकली, ती पेरिफेरल पोर्टवर. जपानी कंपनीनं ती शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ. हर्बर्ट, वायडलर आणि गाशो हे तिघं चालक होते. पुढच्या वर्षीच्या नियमांत रोटरीला जागाच नव्हती. पण ल मान्सची गाडी दिवसभर जास्त फेऱ्यांवर पळते. तिला ट्रॅफिकमध्ये उभं राहायचं नसतं आणि दर शर्यतीनंतर ती खोलली जाते. घरच्या गाडीला हा पोर्ट लावणाऱ्यांचं मला कौतुक वाटत नाही.

स्ट्रीट पोर्टसुद्धा एकटा येत नाही, हे पोर्टिंगचे फोटो दाखवणारे सांगायला विसरतात. हवा जास्त आली की पेट्रोलही त्या मापानं जास्त हवं. जुनं कार्ब्युरेटर असेल तर जेट बदलायचे, इंजेक्शन असेल तर ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं, गणित नव्यानं मांडायचं. हे न करता टर्बोवाली गाडी पिटाळली तर मिश्रण कोरडं पडतं, स्फोट नको तेव्हा होतो आणि एपेक्स सीलचा तुकडा पडतो. १९८६ पासूनच्या १३बीमध्ये ते सील फक्त दोन मिलिमीटर जाडीचं आहे. तुटलेला तुकडा कप्प्याची क्रोमची भिंत ओरबाडत एक्झॉस्टमधून बाहेर पडतो आणि जाता जाता टर्बोची पाती खातो. सैतानाच्या नखांचे ओरखडे परवडले, अशी वेळ येते. सीलांना तेल मिळावं म्हणून कंपनीनंच इंजिनात थोडं तेल जाळायची सोय केली आहे. पण रोटरीवाले त्यावर विसंबत नाहीत, टाकी भरताना टू-स्ट्रोकचं तेल मापानं ओततात. ऑकलंडच्या पेट्रोल पंपावर मित्राला बाटलीतून तेल ओतताना पाहून मला आरएक्स-१०० वाल्यांचीच आठवण झाली.

*

महाराष्ट्राशी या इंजिनाचा एक संबंध आहे, तोही फारसा कुणाला माहीत नसलेला. ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानासाठी देशात पहिल्यांदा वँकेल इंजिन तयार झालं, ते बेंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज आणि अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेच्या सहकार्यातून. एक रोटर, ५५ अश्वशक्ती, वजन सुमारे ३० किलो. २९ मार्च २००९ रोजी कोलारला ते निशांतमध्ये बसून उडालं. विमानाला हलकं आणि न हादरणारं इंजिन हवं असतं, रोटरी तिथं शोभते. कप्प्याच्या भिंतीवरचा घासणीला टिकणारा लेप हा याही कामाचा कळीचा भाग होता. हिरोशिमातल्या ४७ जणांना छळणारा प्रश्न इथंही तोच होता.

कायद्याचंही सांगायला हवं, कारण हा लेख वाचून कुणाचे तरी हात शिवशिवणारच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा कडक अर्थ लावला. न्यूझीलंडमध्ये फेरफाराला बंदी नाही. तिथं फेरफाराची तपासणी होते, प्रमाणपत्राची पाटी गाडीला लागते आणि मग ती रस्त्यावर येते. माझ्या मते आपल्यापेक्षा ती पद्धत बरी. बंदीमुळे काम थांबत नाही, चोरून आणि वाईट होतं.

माझदानं आरएक्स-८ नंतर, २०१२ पासून, रोटरी बाजूला ठेवली होती. २०२३ मध्ये ती ‘एमएक्स-३०’ गाडीत परतली, एका रोटरची, ८३० सीसीची. पण तिथं ती चाकं फिरवत नाही, बॅटरी भरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीनं रोटरीसाठी ३६ इंजिनिअरांचा गट पुन्हा उभा केला. त्यांच्यापुढचं काम आहे धूर कमी करण्याचं. पोर्ट मोठे करण्याचं नव्हे. जुन्या आरएक्स-७ च्या चांगल्या प्लेटा मात्र दरवर्षी कमी होत चालल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच घाईच्या हातांखाली गेल्या.

म्हणून परदेशात राहणाऱ्या आणि अशी गाडी बाळगणाऱ्या मराठी वाचकांना, आणि इथं आरएक्स-१०० ची स्लीव्ह घेऊन बसलेल्यांनाही, एवढंच सांगणं. रोजच्या गाडीला स्ट्रीट पोर्टपलीकडे जाऊ नका. चांगल्या प्लेटला बर लावण्याआधी भंगारातली एक प्लेट मिळवा, ती कापा, पाण्याची भिंत कुठे किती जाड आहे ते बघा आणि उरलेल्या तुकड्यांवर हात साफ करा. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला चांगला मास्क लावा. आणि इंजिन बांधून झाल्यावर ते ट्यूनिंगवाल्याकडे नेण्याचे पैसे काम सुरू करण्याआधीच बाजूला काढून ठेवा. ते नसतील तर प्लेटला हात लावू नका.